‘सेल्फी’भोवतीची अवतरण चिन्हं आता काढा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या ‘वाचकांची पत्रे’ सदरात एका प्राध्यापक महोदयांचं पत्र आलं होतं. ‘सेल्फी’ हा परका शब्द वर्तमानपत्रांनी टाकून द्यावा आणि त्याजागी ‘स्वयंचित्र’ रुजवावा, असं त्यांचं म्हणणं. मी काही प्राध्यापक नाही. नागपुरात महाल भागात 34 वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, तीन वर्षांपूर्वी शटर कायमचं खाली ओढलं. फोनमधल्या कॅमेऱ्यानं माझा धंदा बसवला, म्हणजे या शब्दावर राग धरायचा पहिला हक्क खरं तर माझा. तरी आज त्याचीच वकिली करतो आहे.

काउंटरवर बसणाऱ्याला शब्दांची चाल लवकर कळते. अर्जावर ‘अर्जदाराचे अलीकडील छायाचित्र’ असं छापलेलं असतं. तोच अर्ज माझ्यापुढे सरकवून माणूस म्हणायचा, “काकाजी, पासपोर्ट साइजचे आठ काढून द्या न.” पावतीवर मी इमानेइतबारे ‘दिनांक’ लिहायचो, पण फोटो कोणत्या दिनांकाला मिळतील असं विचारणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलं नाही. सगळे तारीखच विचारायचे. ‘दिनांक’ सावरकरांनी दिलेला, आणि ‘महापौर’ही त्यांचाच. ‘महापौर’ मात्र पानठेल्यावरसुद्धा सहज बोलला जातो, तो कोणी मुद्दाम घडवलाय हे कोणाच्या मनातही येत नाही.

एक शब्द कागदावर राहिला, दुसरा तोंडी बसला. असं का झालं असेल, यावर दुकानात रिकामा बसलेलो असताना मी पुष्कळ डोकं चालवलं आहे. माझा अंदाज असा की मेयर नावाचा माणूस सामान्यांना रोज भेटत नव्हता. तो भेटायचा छापील बातमीत, म्हणून छापून आला तोच शब्द लोकांनी घेतला. तारीख रोजच्या व्यवहारातली, ती आधीच जिभेवर होती. फोन तर घरात वाजतच होता, त्यामुळे ‘दूरध्वनी’ डिरेक्टरीच्या मुखपृष्ठापलीकडे गेला नाही. ‘भ्रमणध्वनी’चं काय झालं ते आपण पाहिलंच. सेल्फी ही वस्तू आणि तिचं नाव दोन्ही एकदमच लोकांच्या हातात पडलं, मधे वर्तमानपत्राला वावच नव्हता. ‘स्वयंचित्र’ आता आणणं म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळी मांडणं.

शब्दाचं कुळ म्हणाल तर ते काही फार खानदानी नाही. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात एक तरुण दारूच्या नशेत तोंडावर आपटला, ओठाला टाके पडले. त्या ओठाचा फोटो त्यानं स्वतःच काढून इंटरनेटवर टाकला, आणि फोकस नीट नाही, माफ करा, ही सेल्फी आहे, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. आजवर सापडलेला सगळ्यात जुना लेखी वापर हाच. तिकडे शब्द तोडून शेवटी ‘ई’ लावायची लाडकी खोड आहे, बार्बेक्यूला ते ‘बार्बी’ म्हणतात. (आपणही प्रकाशचा पक्या करतोच की.) 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ला वर्षाचा शब्द ठरवलं. मधली 11 वर्षं हा शब्द जणू फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याची वाट पाहत होता. हा कॅमेरा फोनमध्ये आधी आला तो व्हिडिओ कॉलसाठी. त्यात तोंड पाहून फोटो काढायचा चाळा नंतर लागला.

स्वतःचा फोटो स्वतः काढणं त्याहून कितीतरी जुनं. 1839 मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसानं घरच्या दुकानामागे कॅमेरा मांडला, भिंगावरचं झाकण काढलं, पळत जाऊन समोर थांबला आणि परत येऊन झाकण लावलं. त्याचे विस्कटलेले केस आजही त्या पत्र्यावर दिसतात. आमच्या धंद्यात पुढे टायमर आला. बटण दाबून फोटोग्राफर घाईघाईनं वऱ्हाडात जाऊन उभा राहायचा आणि हमखास त्याचेच डोळे मिटलेले यायचे. ‘स्वयंचित्र’ म्हणायचंच तर या दोघांना म्हणा. सेल्फीत हात लांब केलेला असतो, काढणारा काचेत स्वतःलाच न्याहाळत असतो, आणि कॅमेरा इतका जवळ असल्यानं नाक जरा मोठंच येतं. प्राध्यापकांच्या शब्दात यातलं काहीच येत नाही.

शिवाय लोकांनी या शब्दाचा अर्थही परस्पर ताणला आहे. फुटाळा तलावावर संध्याकाळी फिरायला जातो, तिथे पोरं माझ्या हातात फोन देतात आणि म्हणतात, “काकाजी, आमची एक सेल्फी काढून द्या न.” दुसऱ्यानं काढली तर ती सेल्फी कशी, असं मी पहिल्यांदा एकाला विचारलं होतं. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. आता विचारत नाही, काढून देतो. लग्नाच्या हॉलमध्ये कागदी फुलांची कमान असते तो ‘सेल्फी पॉइंट’, मतदान केंद्रावरही तसाच. तिथले निम्मे फोटो दुसराच कोणीतरी काढत असतो.

शब्द रुळला की नाही हे मी त्याच्या लिंगावरून ओळखतो. माझा मुलगा ‘सेल्फी काढला’ म्हणतो, सून ‘काढली’ म्हणते. मुलाच्या डोक्यात ‘तो फोटो’ असतो, सुनेच्या कानाला शेवटची दीर्घ ‘ई’ ऐकू येते, साडी-वाडी-गाडीसारखी. ‘बस’ हा शब्दही असाच गाडीच्या ओळखीनं ‘ती’ झाला. आमच्या घरातला हा खटला नातीनं निकालात काढला. परवा म्हणाली, “आबाजी, वीस सेल्फ्या काढल्या, एक धड नाही आली.” साडीच्या साड्या, तशा सेल्फीच्या सेल्फ्या! ‘सेल्फीज’ म्हणताना महालात तरी मी कोणाला ऐकलं नाही. क्रियापदाचं भांडण अजून मिटलेलं नाही. हिंदीच्या शेजारामुळे आपल्या नागपुरात ‘सेल्फी घेऊन राहिलो’ पुष्कळ चालतं. मला ‘काढणे’च आवडतं. रांगोळी काढतो, चित्र काढतो, फोटोही काढतोच. फोटो काढताना दात काढू नका, हे तर मी 34 वर्षं सांगत आलो.

उलट माझा एक शब्द मात्र नव्या वस्तूनं पळवला, त्याचं दुःख आहे. आमच्याकडे ‘रील’ म्हणजे 36 फोटोंची. नीट भरली तर 37वा, क्वचित 38वाही निघायचा. रील भरायची, रील धुवायची, बिचाऱ्या नवरदेवाची रील अंधारात न उघडता चुकून उजेडात उघडली तर महिनाभर तोंड लपवायचं (माझ्या हातून एकदा झालं आहे). आता नात ‘रील बनवू’ म्हणते तेव्हा मला अजूनही रील धुवायच्या रसायनाचा, हायपोचा वास येतो.

राहिली विनंती. आपल्या दैनिकात आजही सेल्फी एकेरी अवतरण चिन्हांत छापली जाते, आणि फोटो, मोबाईल, व्हिडिओ तशा चिन्हांशिवाय. ती चिन्हं काढा. आणि दर पावसाळ्यात धरण-तलावांच्या बातम्यांवर ‘सेल्फीच्या नादात’ हा ठरलेला मथळा येतो, तोही जरा तपासा. नाद दारूचा असतो, जुगाराचा असतो. काचेत पाहणाऱ्या माणसाला मागचं शेवाळ दिसत नाही, एवढंच तिथे घडलेलं असतं. मथळ्यात ‘पाय घसरून’ लिहिलं तर वाचणारा निदान पायाखाली बघेल.

आपला,
एक जुना फोटोवाला
महाल, नागपूर