टॉमी जॉन डॉक्टर नव्हे, पेशंट!

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर एका भालाफेकपटूच्या कोपराच्या ऑपरेशनची बातमी आली. 'डॉ. टॉमी जॉन यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया' असे त्यात छापले आहे, आणि खेळाडू 'तीन महिन्यांत मैदानात' असेही. मी मिरजेत एकतीस वर्षे फिजिओथेरपी केली. आता निवृत्त आहे, पण असले काही वाचले की हात शिवशिवतात. टॉमी जॉन डॉक्टर नव्हता हो, टेबलावर झोपलेला पेशंट होता. डॉक्टरांचे नाव फ्रँक जोब, ऑपरेशनला नाव पडले ते पेशंटचे.

टॉमी जॉन हा अमेरिकेतला डावखुरा बेसबॉलपटू, स्टार्टिंग पिचर. सामन्याचा पहिला चेंडू त्याने टाकायचा, दम असेल तेवढे डाव रेटायचे, मग तीन-चार दिवस हाताला विश्रांती आणि पुन्हा पाळी. आपल्या गोलंदाजाने चेंडू टाकताना कोपर सरळ केले तर पंच हरकत घेतात. पिचरचे वाकलेले कोपर मात्र चेंडू टाकताना झटक्यात सरळ होते आणि त्याचा मोठा ताण येतो. तो ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या, करंगळीकडच्या लिगामेंटवर (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यावर) येतो. भालाफेकीतही तेच लिगामेंट पणाला लागते.

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मॉन्ट्रियलविरुद्ध खेळताना त्याचे हे लिगामेंट तुटले. वय ३१. त्या मोसमात तोवर त्याच्या नावावर १३ विजय आणि ३ पराभव होते (बेसबॉलमध्ये संघाचे जय-पराजय पिचरच्या खात्यात मांडतात). तोपर्यंत या दुखापतीचा अर्थ एकच होता, घरी बसा. २५ सप्टेंबरला जोब यांनी त्याच्या उजव्या हातातले एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडून त्यांत ओवले. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी सांगितली होती शंभरात एक. आपल्या बातमीत 'मनगटातील नस' काढली असे आहे. नस काढली तर काय होईल याचा विचार व्हावा! अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध जी दोरी वर येते ते हे टेंडन. काही जणांच्या हातात ते नसतेच, आणि त्यांचे काही अडतही नाही.

इथपर्यंतची गोष्ट सर्जन लोक सांगतात. पुढची आमची. ऑपरेशननंतर कोपरातल्या मज्जातंतूवर दाब येऊन त्याची बोटे पंजासारखी आखडली, म्हणून त्याच डिसेंबरात पुन्हा कापावे लागले. १९७५ चा अख्खा मोसम सामन्यात एक चेंडू नाही. भिंतीवर चेंडू मारत बसायचा. संघातला माइक मार्शल हा स्वतः पिचर आणि शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यासक. त्याने याला चेंडू धरायची आणि टाकायची वेगळी रीत शिकवली. एकतीस वर्षांत मी शेकडो कोपरे हाताळली, पण शंभरात एक ऐकल्यावर दीड वर्ष असा चिकटून राहिलेला माणूस मला फारसा भेटला नाही. तिसऱ्या आठवड्यात 'मॅडम, फरक वाटत नाही' म्हणणारेच जास्त.

१९७६ च्या एप्रिलमध्ये तो परतला. १० विजय, १० पराभव. पुढच्या वर्षी २० विजय. यँकीज संघात गेल्यावर १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे! वेग कधीच त्याचे हत्यार नव्हते. खाली बुडणारा चेंडू टाकून फलंदाजाला जमिनीलगत मारायला लावायचा. तो गमतीने म्हणायचा, ऑपरेशनच्या वेळी मी कोफॅक्सचा वेगवान चेंडू बसवा म्हटले होते, त्यांनी बसवला, पण सौ. कोफॅक्सचा. (सँडी कोफॅक्स हा डॉजर्सचाच महान डावखुरा पिचर, कोपरापायीच तिसाव्या वर्षी निवृत्त झालेला.) नशीब मात्र वाकडे. १९७७ आणि १९७८ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत) डॉजर्सकडून यँकीजविरुद्ध हरला, १९८१ ची यँकीजकडून डॉजर्सविरुद्ध.

२६ मोसम खेळून १९८९ मध्ये, ४६ व्या वर्षी थांबला. त्या मोसमात मार्क मग्वायर या तरुण फलंदाजाने त्याला दोनदा फटकावले. मग्वायरचे वडील याचे दातांचे डॉक्टर. आपल्या डेंटिस्टचा मुलगा मारायला लागला की निवृत्त व्हावे, असे तो म्हणाला. हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, ७५ टक्के मते लागतात. पत्रकारांच्या मतदानात त्याला १५ वर्षांत एकदाही एक तृतीयांशसुद्धा मिळाली नाहीत. हे मला अजून पटलेले नाही.

आता 'तीन महिने'. या ऑपरेशननंतर पिचरला सामन्यात उतरायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. रविवारी दुपारीच एका वडिलांचा फोन आला, 'मॅडम, पेपरात तीन महिने आलंय, तुम्ही आमच्या पोराला वर्ष सांगितलंत.' पोरगा सतरा वर्षांचा, ऑपरेशनला चार महिने झालेत, आणि भाला घरातच आहे. मी त्यांना म्हटले, दुरुस्ती छापून येईल, ती वाचा आणि मग बोलू. पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे. त्याच्या आत छापावी ही विनंती.

– एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, मिरज