जपानी विनोद मराठीत का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी सिनेमावरचा लेख वाचला. कुरोसावा आणि ओझू या दिग्दर्शकांवर मनापासून लिहिलंय. पण विनोदी चित्रपटांची 'हलकेफुलके' म्हणून शेवटी एका ओळीत बोळवण केलीत, ते लागलं. मी पुण्यात अनेक वर्षं जपानी शिकवते. वर्गात मुलं जपानीच्या प्रेमात पडतात ती बहुतेक वेळा हसता हसताच.

२००५ सालचे दोनच चित्रपट घ्या. दिग्दर्शक नोबुहिरो यामाशितांच्या 'लिंडा लिंडा लिंडा'मध्ये शाळेच्या महोत्सवाला (आपलं गॅदरिंगच म्हणा) तीन दिवस उरलेत आणि मुलींचा बँड फुटलाय. गिटार वाजवणारीच्या बोटांना इजा झालीय, गाणारी भांडून गेलीय. मग कीबोर्डवाली गिटार हातात घेते, आणि गायला कोण, तर समोरून चाललेली कोरियन विद्यार्थिनी सोन. "बँडमध्ये येशील?" असं तिला विचारतात, ती "हाइ" म्हणते आणि अडकते. प्रश्न तिला नीट कळलेलाच नसतो.

सगळी गंमत त्या "हाइ"मध्ये आहे. जपानीत त्याचा अर्थ 'हो' होतो आणि 'ऐकतेय, पुढे बोला' असाही होतो. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे 'येस' येतं आणि विनोद अर्धा मरतो. मराठीत मात्र आपला "हं" तयार आहे! गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो तोही "हं", आणि कबूल केलं तेही "हं". वर्गात मी तो प्रसंग थांबवून एवढंच सांगितलं आणि मागच्या बाकापर्यंत हशा पिकला.

वाक्यरचनेचंही तसंच. जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही. त्यामुळे वाक्याच्या शेवटच्या शब्दाला येणारं हसू मराठीत तिथेच ठेवता येतं. इंग्रजीत ते बरेचदा आधीच फुटतं.

याच चित्रपटात सोन एकटी सराव करायला कराओकेत जाते. पेय मागवावंच लागेल, असं तिथला मुलगा सांगत राहतो. आपल्याला फक्त गायचंय, पेय नकोय, हे ती मोडक्या जपानीत पुन्हा पुन्हा सांगते. पुढे एका रात्री रिकाम्या सभागृहात ती बँडमधल्या एकेकीची ओळख करून देते. सोन झालेल्या बे दूना या अभिनेत्रीचा तो चेहरा पाहून माझे डोळे भरून येतात. याला हलकंफुलकं कसं म्हणायचं?

दुसरा चित्रपट कात्सुयुकी मोतोहिरोंचा 'समर टाइम मशीन ब्लूज', क्योतोच्या युरोप किकाकू या नाटक मंडळीच्या नाटकावरून केलेला. ऐन उन्हाळ्यात एसीच्या रिमोटवर कोला सांडतो, रिमोट बंद पडतो. तेवढ्यात टाइम मशीन हाती लागतं आणि ही कॉलेजची पोरं त्यातून कुठे जातात, तर कालच्या दिवसात, चांगला रिमोट आणायला! मग भूतकाळ बदलला तर सगळंच नाहीसं होईल हे लक्षात येतं, आणि तो परत ठेवायची धावपळ सुरू होते. काळाचा प्रवास बहुतांशी एका दिवसाच्या अंतरात बसवणं सोपं नाही. पहिल्या प्रसंगातल्या कोपऱ्यातल्या वस्तूंचा अर्थ तासाभराने उलगडतो.

माझी विनंती अशी, की पुरवणीत अशा चित्रपटांना जागा द्या, आणि हक्क असणाऱ्यांशी बोलून मराठी सबटायटलसह ते दाखवा, असं आपल्या फिल्म क्लबांना सुचवा. भाषांतर करायला जपानी शिकलेली मुलंमुली पुण्यात भरपूर आहेत. सरावासाठी माझ्या वर्गाने टाइम मशीनवाल्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या संवादांचा कच्चा तर्जुमा केलाय. एकच शब्द अजून छळतोय. जपानीत होऊन गेलेल्या आणि येणाऱ्या परवाला दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे दोन्हीला "परवा"च. टाइम मशीनमध्ये बसलेल्याने "परवा" म्हटलं तर गाडी कुठल्या दिशेला न्यायची? कुणा वाचकाला नेमका शब्द सुचला तर जरूर कळवावा.

आपली,
जपानीची एक शिक्षिका, पुणे