बदक खात नाहीये, आणि दवाखान्यात म्हणतात "कापून खा"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कुत्र्या-मांजरांच्या आजारांवर चांगलं लिहून येतं, गाई-म्हशींच्या लसीकरणाच्या बातम्या येतात, शेळीपालनावर तर पानंच्या पानं येतात, पण बदकावर चार ओळी वाचल्याचं काही आठवत नाही. आमच्या कोकणात बऱ्याच घरांच्या परसात दोन-चार बदकं असतात, कोणी अंड्यांसाठी पाळतं, कोणी हौसेने, आणि आमच्यासारख्या घरात त्यांना पोरांच्या बरोबरीने जीव लावलेला असतो. आमच्या बदकाने खाणं टाकलं तेव्हा त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं तर हातसुद्धा न लावता उत्तर मिळालं, "अहो बदकाला कसलं औषध करता, कापून खा." मला ते फार लागलं. आणि माझ्या वाटण्याचं सोडा, हा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

बदक मुळात खादाड. सकाळी खुराडं उघडलं की धावत भांड्यावर येणार, आणि तेच बदक अख्खा दिवस तोंड लावत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय हे नक्की समजावं. पक्षी आजार लपवतात, शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून शेवटपर्यंत ठणठणीत असल्यासारखे वागतात, त्यामुळे पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून एका बाजूला बसलेलं दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. मादी अंड्यांवर खुडूक बसली असेल किंवा पिसं झडायचा काळ असेल तर खाणं कमी होतं, ते वेगळं. पण तसं नसेल तर छातीचं हाड चाचपून बघा, टोकदार लागलं तर वजन उतरलंय. पोट रिकामं राहिलं की शीट हिरवट पातळ होते तीही बघून ठेवा, डॉक्टरला सांगायला उपयोग होतो.

आपल्याकडे पावसाळ्यात पहिला संशय खाद्यावर घ्यावा. गोणी ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असते, खालून ओल धरते, आणि मका किंवा शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते, कधी दिसते तर कधी नुसता कुबट वास येतो. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं ते थेट लिव्हरवर जातं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी असेच पटापट मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेतला तर ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष निघालं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक की पुढे खाद्यात विष आहे का हे तपासायला लॅबमध्ये बदकाचीच पिल्लं वापरायचे! आणि आपल्याकडे वरची बुरशी झटकायची, जरा ऊन दाखवायचं किंवा भाजून घ्यायचं आणि परत घालायचं असं सर्रास चालतं. तसं करू नका हो, वास गेला म्हणून विष जात नाही. ती गोणी सरळ फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.

लहान पिल्लांचं वेगळंच दुखणं असतं. दुकानात बदकाचं फीड सहसा मिळत नाही म्हणून कोंबडीच्या पिल्लांचं फीड नाहीतर नुसता मक्याचा भरडा घातला जातो, पण बदकाच्या पिल्लाला नायसिन म्हणजे व्हिटॅमिन बी ३ कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं आणि मक्यातलं नायसिन त्याच्या अंगाला फारसं लागत नाही. मग पाय वाकडे व्हायला लागतात, पिल्लू बसून राहतं, भांड्यापर्यंत चालवत नाही म्हणून खात नाही, आणि आपण म्हणतो हे अशक्तच होतं. वेळेत ब्रुअर्स यीस्ट (हे व्हिटॅमिन असलेली यीस्टची पूड) सुरू केलं तर सुधारू शकतं, किती द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पाणीही बघा. बदक कोरडं खाद्य पाण्याशिवाय नीट गिळू शकत नाही, आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल भांडं लागतं, नाहीतर नाक चोंदतं. मादी शेपटी हलवत कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, बरेचदा कॅल्शियम कमी पडल्याने, तेव्हा कोमट पाण्याच्या टबात बसवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा (एरवी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलेला असला की बरं, आपल्याकडे शिंपल्यांना काय तोटा). घरावर पत्र्याचं काम झालं असेल तर खिळे, तारेचे तुकडे गिळलेत का याचा विचार करा, जस्त आणि शिसं पोटात विरघळून विषबाधा होते, ते एक्स-रेत दिसतं. आणि भाताच्या खाचरात दाणेदार कीटकनाशक टाकलं असेल तर त्या बाजूला बदकं सोडूच नका.

डॉक्टर भेटेपर्यंत उबदार कोरडी जागा द्या, दुसऱ्या बदकापासून वेगळं केलंत तरी त्याला जोडीदार दिसेल असं ठेवा, एकटं पडलं की ते आणखीच खंगतं. उकडलेले वाटाणे, बारीक चिरलेला पाला, कुस्करलेलं उकडलेलं अंडं पाण्यात टाका, पाण्यातलं खाणं बदक चटकन उचलतं. पण चोच उघडून दूध, काढा ओतू नका, श्वासाची वाट जिभेच्या मागेच असते, पाणी फुप्फुसात गेलं तर जीव जाईल. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, ती मेलेली गुरं खाऊन, गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, हे आपण सगळे जाणतो.

आता त्या "कापून खा"कडे येते. आजारी पक्षी कापणं म्हणजे रक्त, पिसं, आतडी हातात घेणं. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारमधल्या नवापूरला सापडला होता, आणि बदकं तर हा विषाणू काहीही लक्षण न दाखवता बाळगू शकतात. विषबाधेने आजारी असेल तर तेच विष घरच्यांच्या पोटात जाऊ शकतं. मग दवाखान्यातूनच असा सल्ला कसा मिळतो? एकाच वेळी दोन-तीन पक्षी मलूल झाले, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर पक्षी एसटीतून घेऊन फिरू नका, वहाळात टाकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल-फ्री नंबरला कळवा.

डॉक्टरांवर कामाचा भार असतो, गावं लांब, माणसं कमी, हे दिसतं मला. पण एका बदकाचं वजन बघायला, शीट तपासायला, खाद्य काय घालता हे विचारायला पाच मिनिटं लागतात. पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक दवाखान्याला सांगावं की परसातलं एकटं बदक आणलं तरी ते तपासायचं, आणि तपासायची सोय नसेल तर कुठे न्यायचं ते कागदावर लिहून द्यायचं. तुम्हीही एखाद्या पशुवैद्यकाकडून बदकांच्या आजारांवर लेख लिहून घ्या आणि पाऊस आहे तोवर छापा, गोण्यांना ओल आत्ताच लागतेय.

आपली नम्र,
एक वाचक, कोकण