वराडकर ‘मागच्या दाराने’ आले नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला पानभर लेख रविवारी वाचला. घाईत वाचल्यामुळे चुका जास्त वाटत असतील म्हणून सोमवारी पुन्हा वाचला. तेवढ्याच निघाल्या.

किरकोळ आधी संपवतो. वराडकर मुंबईत जन्मलेले नाहीत. मुंबईत जन्मले ते त्यांचे वडील. ते साठच्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले, तिथे स्लाउ गावी आयरिश परिचारिकेशी ओळख झाली, लग्न झाले आणि पुढे संसार आयर्लंडमध्ये थाटला. लिओ हे धाकटे अपत्य, जन्म १८ जानेवारी १९७९, डब्लिन. लेखकाचा पाय कुठे घसरला तेही दिसते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकी शिकलेल्या लिओंनी मुंबईच्या केईएममध्ये इंटर्नशिप केली होती. पण केईएममध्ये राबलेला प्रत्येक डॉक्टर मुंबईत जन्मला असे धरायचे, तर जनगणनाच नव्याने करावी लागेल.

फोटोखाली ‘मूळचे वऱ्हाडचे’ असे छापले आहे. अहो, वराड! तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोला, आणि मधे अख्खा महाराष्ट्र पडतो. डिसेंबर २०१९ मध्ये हा माणूस पंतप्रधान असताना घरच्यांसह वराडला येऊन गेला, तेव्हा हे गाव सगळ्यांना बरोबर सापडले होते.

‘आयर्लंडचे भारतीय वंशाचे पहिले खासदार’ हेही नाही. मूसाजी भामजी हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, भारतीय वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ १९९२ सालीच क्लेअर मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडून आले होते. तेव्हा वराडकर तेरा वर्षांचे होते. आणि ‘परदेशी पित्याचा पहिला पंतप्रधान’ लिहिताना डी व्हॅलेरा आठवू नयेत? न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली जन्म, वडील आयरिश नव्हेत, दोन-अडीच वर्षांचे पोर लिमरिकमधल्या आजोळी आणून सोडलेले. त्या पोराने पुढे सगळे मिळून एकवीस वर्षे सरकार चालवले, वर राष्ट्रपतिपद भूषवले. परक्या देशात जन्मलेला लोकप्रतिनिधी हाच विषय होता, तर चौकट डी व्हॅलेरांवर हवी होती.

आता चौकटीचेच. ‘२०२० मध्ये स्वतःच्याच मतदारसंघात हरूनही वराडकर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या मागच्या दाराने संसदेत पोहोचले.’ हे वाक्य वाचून मला हे पत्र लिहावे लागले.

डब्लिन वेस्ट हा चार जागांचा मतदारसंघ होता. चार जागा जिथे भरायच्या, तिथे पहिला आलेला जिंकला आणि दुसरा हरला असे असतेच कुठे? मतपत्रिकेवर सगळ्या पक्षांचे उमेदवार आडनावांच्या अकारविल्हे असतात, शेजारी फोटो आणि पक्षाचे चिन्ह. मतदाराने पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घालायचे, हवे तितके. मग कोटा काढायचा: वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त संख्येने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. चार जागा असतील तर पाचाने भागायचे. ज्याने कोटा गाठला तो आत; बाकीच्या जागांसाठी मते फेरीफेरीने पुढच्या पसंतीकडे वळतात. तिथे त्या वेळी कोटा साधारण ८,७०० च्या वर होता. शिन फेन पक्षाचे पॉल डॉनली यांना पहिल्या पसंतीची १२,४५६ मते पडली, ते पहिल्याच फेरीत आत. वराडकरांना ८,४७८. म्हणजे कोट्याला अडीचशेच्या आसपास कमी. बाकी कोणी त्यांच्या पुढे नव्हते. पाचव्या फेरीत ते निवडून आले. यात दार कोणते आणि मागचे कोणते, हे लेखकाने एकदा नकाशा काढून दाखवावे.

डॉनलींचा आकडा एवढा का फुगला, हे सांगायला तुमच्या चौकटीत जागा होती, इच्छा नव्हती. शिन फेनने देशभर उमेदवारच मोजके दिले होते, ४२, आणि त्यातले ३७ निवडून आले. पक्षाची लाट आली आणि मतदारसंघात उमेदवार एकच असला की सगळा ढीग त्याच्यावर पडतो. वराडकरांच्या फिने गेल पक्षाने मात्र तिथे दोन उमेदवार दिले होते, म्हणजे त्यांची पहिली पसंती विभागली. ही पद्धत ज्याने एकदा जवळून पाहिली आहे तो पहिल्या पसंतीच्या यादीला निकाल म्हणत नाही.

आणि आपल्याला ही पद्धत परकी आहे म्हणावे, तर तसेही नाही. १० जून २०२२ ची राज्यसभा आठवा. २८४ वैध मते, जागा सहा. आपल्याकडे प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, म्हणून २८,४०० भागिले सात, अधिक एक: ४,०५८. पहिल्या पसंतीत पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. सहावी जागा कोणाला? महाडिकांना. गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्यापेक्षा जास्त असलेले मूल्य त्यांच्याकडे वळले आणि ते ३३ वाल्यांच्या पुढे गेले. पहाटेपर्यंत महाराष्ट्र जागा होता आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर लोक ‘कोटा’ समजावून सांगत होते. तेव्हा तुम्हीच पहिल्या पानावर पसंतीक्रमाचे गणित तक्त्यासह छापले होते. तो तक्ता कपाटातून काढून पुरवणीवाल्यांच्या टेबलावर ठेवा, एवढीच नम्र विनंती.

एक फरक मात्र आहे, आणि तो मजेचा आहे. आपल्याकडे जास्तीचे मूल्य अपूर्णांकांत वाटतात. आयर्लंडच्या लोकसभेला, म्हणजे डॉइलला, अपूर्णांक चालत नाहीत. तिथे खरेखुरे कागद उचलून हलवतात. समजा, कोणाला १२,००० मते आहेत आणि ३,००० जास्तीची. त्याचे सगळे कागद दुसऱ्या पसंतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावायचे. सगळ्या कागदांवर दुसरी पसंती असेल, तर प्रत्येक गठ्ठ्याचा चौथा हिस्सा पुढे जाणार. एखाद्याच्या गठ्ठ्यात ४,००० कागद असतील तर वरचे १,००० मोजून काढायचे आणि त्याच्या खणात टाकायचे. कोणते हजार? वरचे. त्यावरची तिसरी पसंती काय असेल ती नशिबाची. म्हणूनच मोजणीआधी पेट्यांतले कागद नीट मिसळण्याचा नियम आहे. एकाच वस्तीचे कागद वर राहिले तर पुढच्या फेऱ्यांवर त्या वस्तीचा रंग चढेल. पेट्या उघडतात तेव्हा कठड्याबाहेर पक्षांची माणसे वही घेऊन ओणवी उभी असतात, उलगडणाऱ्या प्रत्येक कागदावरचा आकडा टिपत, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सरकारी आकडा यायच्या कितीतरी आधी कोण आत, कोण बाहेर हे त्यांना कळलेले असते. हे सगळे यंत्राने करून बघण्याचा प्रयोग २००२ साली तीन मतदारसंघांत झाला, त्यातला एक हाच डब्लिन वेस्ट. पाच कोटी युरोंहून जास्त खर्चून घेतलेली ती यंत्रे पुढे पडून राहिली आणि २०१२ साली भंगारात गेली. असो, ईव्हीएमवर वेगळे पत्र लिहीन.

मागचे दार शोधायचेच होते, तर ते दुसरीकडे होते. ज्या पानावर ते ‘मागच्या दाराने’ आले, त्याच पानावर वर ‘आयरिश जनतेने थेट पंतप्रधान केले’ असेही आहे. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. इथे दोन्ही खोटे आहे. २०१७ मध्ये सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच, पक्षनेता बदलायचा होता. फिने गेलची पद्धत अशी की खासदारांच्या मताला ६५ टक्के वजन, सामान्य सदस्यांना २५ आणि नगरसेवकांना १०. सदस्यांनी प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनींना ७,०५१ मते दिली, वराडकरांना ३,७७२. सडकून हरले. पण ७३ खासदारांपैकी ५१ वराडकरांकडे आणि नगरसेवकांत १२३ विरुद्ध १००. वजन लावून गुणाकार करा, वराडकर जवळजवळ ६० टक्क्यांवर. मग १४ जूनला डॉइलमध्ये ५७ विरुद्ध ५० अशी निवड, तीही मुख्य विरोधी पक्ष फियाना फॉल तटस्थ बसला म्हणून. कार्यकर्ता एकाला हवा आणि आमदार-खासदार दुसऱ्याच्या मागे, ही गोष्ट आपल्या वाचकांना परदेशी वाटली नसती. ती लेखात एका ओळीतही नाही. ‘मालवणी जिद्द’ मात्र तीनदा आहे.

पुढचे थोडक्यात. २०२० मध्ये फियाना फॉल ३८, शिन फेन ३७, फिने गेल ३५. पहिला आणि तिसरा ग्रीन पक्षाला घेऊन एकत्र आले, पंतप्रधानपद वाटून घेतले, डिसेंबर २०२२ मध्ये वराडकर पुन्हा त्या खुर्चीत. मार्च २०२४ मध्ये दोन सार्वमते हरल्यावर त्यांनी स्वतःहून पद सोडत असल्याचे जाहीर केले. ‘हकालपट्टी’ कोणी केली ते लेखकच जाणे. सर्वात तरुण पंतप्रधान हा त्यांचा विक्रमही (३८ व्या वर्षी) सायमन हॅरिस यांनी त्याच एप्रिलमध्ये ३७ व्या वर्षी मोडला.

खरी नोंद घेण्याजोगी तारीख लेखकाच्या हातून निसटली, ती ११ जून २००४. त्या दिवशी आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका होत्या. फिंगल कौंटी कौन्सिलसाठी पंचवीस वर्षांच्या वराडकरांना ४,८९४ पहिल्या पसंती पडल्या, देशात सर्वाधिक. आणि त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांत दुसरा कागद होता सार्वमताचा: आयर्लंडच्या भूमीवर जन्म झाला एवढ्यावर नागरिकत्व मिळण्याचा घटनेतला हक्क काढून घ्यायचा की नाही. ७९ टक्के लोक ‘काढा’ म्हणाले. स्थलांतरिताच्या मुलाला विक्रमी मते आणि स्थलांतरितांच्या पुढच्या मुलांवर अट, एकाच दिवशी.

डब्लिनमधल्या मराठी मंडळींसाठी दिलेला सल्लाही दुरुस्त करा, कारण तो वाचून लोक घरी बसतील. ‘नागरिकत्वाशिवाय मत नाही’ हे डॉइलपुरते (तिथेही ब्रिटिश नागरिकांना मत आहे). कौन्सिलच्या निवडणुकीत अठरा पुरी झालेला कोणताही रहिवासी, भारतीय पासपोर्टवरसुद्धा, मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. फक्त मतदार यादीत नाव वेळेत लावावे लागते. मतदानाच्या आठवड्यात जाग येणाऱ्यांना उपयोग नाही. डॉइलसाठी उभे राहायचे तर नागरिकत्व आणि वयाची एकवीस वर्षे लागतात. आणि आयरिश नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, ‘दोन्ही ठेवता येतात’ हे तुम्ही कुठून आणले?

खुलासा छापाल तेव्हा कृपया पहिल्या पानावर नको, पण निदान राशिभविष्याखालीही नको.

जाता जाता: मंगळवारच्या अंकात पान ७ दोनदा आले आहे आणि पान ९ नाही. शब्दकोड्याची उत्तरे पान ९ वर होती.

आपला,
एक वाचक, मालवण