प्रसूतिकक्षात मला जागा करून देणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

बाळंतपणात सोबत करणारी डूला म्हणून मी आज जे काम करते, त्यातले कितीतरी मी तुमच्या शेजारी उभी राहून शिकले. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

मी या कामाला लागले तेव्हा ही बाई नातेवाईक नाही, नर्सही नाही, मग प्रसूतिकक्षात कशाला, असा प्रश्न अनेकांच्या चेहऱ्यावर दिसे, आणि तो रास्तच होता. तुम्ही मात्र मला पलंगाच्या उशाशी उभे केलेत आणि स्पष्ट सांगितलेत की बाळाचे ठोके, आतली तपासणी आणि औषधे आम्ही पाहू, कळा देणाऱ्या बाईचा श्वास आणि तिचा धीर तुम्ही सांभाळा. ती आखून दिलेली हद्द मला आजही आधार वाटते.

बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असली की कळा अनेकदा कमरेत उतरतात. अशाच एका बाईच्या वेळी तुम्ही माझा तळहात तिच्या माकडहाडाच्या जरा वर टेकवलात, कोपर सरळ ठेवायला लावलेत आणि मनगटाने न रेटता अंगाचा भार देऊन दाबायला शिकवलेत. कळ चढताना दाब वाढवायचा, ती पूर्ण ओसरेपर्यंत हात काढायचा नाही. तिचे आवळलेले खांदे सैल झाले, तेव्हा तुम्ही पुढच्या पलंगाकडे वळला होतात. बोलायचे ते दोन कळांच्या मध्ये, हेही तुमच्याकडूनच घेतले. सिझेरियनचा निर्णय झाला तरी त्याचे कारण तिला समजेल अशा शब्दांत सांगितले जाईल, याकडे तुमचे लक्ष असे.

२०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट गेला असे सांगणाऱ्याही कमी होत्या. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीला प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी, अशी शिफारस केली. परंतु अशी शिफारस अमलात यायची तर कक्षात कोणीतरी दार उघडावे लागते, आणि ते तुम्ही, कामाचा एवढा ताण असतानाही, मनापासून उघडलेत.

बाळ नीट रडले की वजनाची घाई न करता त्याला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवणारे, वरून कोरडे दुपटे पांघरणारे तुमचे हात मी फार जवळून पाहिले आहेत. त्या पहिल्या तासात आई-बाळाला कोणी हलवू नये, यासाठी तुम्ही किती जणांना नम्रपणे थांबवलेत!

आता माझ्याबरोबर नव्या मुली येतात. ड्युटीवरच्या सिस्टरांना आधी आपली ओळख सांगा आणि कुठे उभे राहू ते विचारा, हे मी त्यांना सर्वांत आधी शिकवते. तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक डूला