दिव्यांच्या लेखात उजेडच राहून गेला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बाउहाउसच्या, म्हणजे जर्मनीतल्या त्या प्रसिद्ध डिझाइन शाळेच्या, दिव्यांवरचा लेख वाचला. फोटो मस्त आहेत, पण पूर्ण लेख गोल, चौकोन, क्रोम, साधेपणा यातच घुटमळत राहिला, अहो उजेडाचं काय? त्या काळात दिवे घडवणारी मंडळी डोकं खपवत होती ती उजेडासाठीच ना.

टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले तसा घरातला उजेड एवढा झगझगीत झाला की डोळे दिपायला लागले. डेन्मार्कचा डिझायनर पाउल हेनिंगसेन रॉकेलच्या दिव्याच्या मऊ उजेडात वाढलेला, त्याला हे अजिबात पटेना. बल्ब थेट डोळ्यांवर येता कामा नये आणि तरी उजेड वाया जायला नको, एवढ्यासाठी त्याने 1926 मध्ये एकाखाली एक तीन शेड लावल्या आणि त्यांचा बाक चक्क लॉगरिदमिक स्पायरलवरून (शंखासारखी रुंदावत जाणारी वळणरेषा) काढला, त्यामुळे बल्बचा किरण शेडवर कुठेही पडला तरी जवळपास त्याच कोनात पडतो आणि उजेड सारखा पसरतो. हा दिवा अजूनही बनतो आणि विकला जातो. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

बाउहाउसच्या वागेनफेल्डच्या दुधी काचेच्या घुमटाच्या दिव्याबद्दल भरभरून लिहिलंय ते बरोबरच आहे, पण सोबत त्या दिव्याचा दुसरा डिझायनर युकर याचं नावही यायला हवं होतं. आणि तो दिवा दिसायला मशीनचा असला तरी सुरुवातीला हातानेच घडवलेला आणि महाग होता, 1924 ला लाइपझिगच्या ट्रेड फेअरमध्ये व्यापारी त्याला हसले होते हे खुद्द वागेनफेल्डनेच सांगितलंय.

कारखान्यातून खऱ्या अर्थाने घराघरात गेला तो 1928 च्या सुमाराचा कांडेम या दिव्यांच्या कंपनीचा बेडसाइड लॅम्प, मारिआन ब्रांट आणि हिन ब्रेडेनडीक यांचा. शेड हवी तशी वळवता येते आणि बटण खाली बैठकीवरच, म्हणजे अंधारात चाचपडावं लागत नाही. बाउहाउसच्या मेटल वर्कशॉपमध्ये बाई नको म्हणणाऱ्यांमध्ये राहून ब्रांट पुढे त्याच वर्कशॉपची प्रभारी प्रमुख झाली, आणि तुमच्या लेखात तिचं नाव एकदाही नाही!

कृपया हेनिंगसेन आणि ब्रांटवर एक वेगळा लेख छापा, आणि फोटोंसोबत शेडचा उभा छेद दाखवणारी आकृतीपण द्या, उजेड कुठून कुठे जातो ते त्याशिवाय कळत नाही.

आपली,
एक नियमित वाचक