‘ए ट्रेन’ स्ट्रेहॉर्नची

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख आवडला, पण ‘टेक द ए ट्रेन’ ही रचना लेखकाने अमेरिकन बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या खात्यावर टाकली आहे. ती त्याच्या बँडसाठी लिहिणाऱ्या बिली स्ट्रेहॉर्नची. मी उमेदीची वर्षे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवले. अरेंजरने, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याने, रात्र रात्र जागून नोटेशन लिहायचे आणि नाव मात्र संगीतकाराचे, हे जवळून पाहिले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

1938 च्या डिसेंबरात पिट्सबर्गला कार्यक्रमानंतर 23 वर्षांचा स्ट्रेहॉर्न एलिंग्टनला भेटला. पियानोवर बसून त्याने एलिंग्टनचेच गाणे आधी हुबेहूब वाजवले, मग ‘मी असे वाजवीन’ म्हणून आपल्या ढंगात! (आमच्याकडे कुणाची छाती झाली असती?) एलिंग्टनने त्याला ठेवूनच घेतले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या आपल्या घराचा पत्ता सांगितला, त्यात ‘ए’ नावाची भुयारी रेल्वे पकडायची होती; त्यातून ही रचना सुचली. 1941 च्या सुरुवातीला रेडिओवाले आणि संगीतकारांची संस्था यांचे मानधनावरून फिसकटले. एलिंग्टन संस्थेचा सभासद, त्यामुळे त्याच्या रचना रेडिओवर बंद. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. त्या पेचात ‘ए ट्रेन’ पुढे आली आणि बँडची ओळखधूनच झाली.

एलिंग्टनला खलनायक ठरवायचे नाही. स्टेजवरून तो स्ट्रेहॉर्नचे नाव घेत असे, त्याचा खर्चही उचलत असे. पण हिशेब असा मोकळाढाकळा असला की कुणाचे काय होते ते पुढे कळत नाही. 1963 च्या मध्यपूर्व आणि भारताच्या दौऱ्याशी जोडल्या गेलेल्या ‘फार ईस्ट स्वीट’ या रचनामालिकेतली ‘इस्फहान’च घ्या. ती स्ट्रेहॉर्नने दौऱ्याआधीच लिहिली होती, वेगळ्या नावाने.

1967 च्या मे महिन्यात स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेला. इस्पितळातून त्याने ‘ब्लड काउंट’ ही रचना लिहून पाठवली होती. त्याच वर्षी एलिंग्टनने केवळ त्याच्या रचनांची तबकडी केली. तीत शेवटी ‘लोटस ब्लॉसम’ आहे. वादक वाद्ये आवरताहेत, गप्पांचा गलबला चालू आहे आणि एलिंग्टन एकटाच पियानो वाजवतो आहे. हळूहळू गलबला ओसरतो. कुठल्याही रेकॉर्डिस्टने असा टेक रद्द केला असता; तो ठेवला, हे फार चांगले झाले.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे, असे छापले आहे. त्यात रचनाकारांची नावे तपासून द्यावीत आणि ‘ए ट्रेन’ची दुरुस्ती ठळक छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त व्हायोलिनवादक, माहीम